तीन क्रेट, तीस दिवस: हिवाळाभर घरची पालेभाजी

पहिल्या वर्षी मी हौसेनं चार क्रेटमध्ये एकाच दिवशी मेथी पेरली. दसरा नुकताच झाला होता, पाऊस मागे फिरला होता, हात शिवशिवत होते. सत्ताविसाव्या दिवशी चारही क्रेट एकदम काढणीला आले. पहिल्या दिवशी परतून भाजी, दुसऱ्या दिवशी थालीपीठ, तिसऱ्या दिवशी डाळमेथी. चौथ्या दिवशी घरातल्यांनी ताटाकडे बघितलं आणि काही न बोलता लोणच्याची बरणी पुढे ओढली. उरलेल्या जुड्या इमारतीत वाटून टाकल्या. मग ऐन थंडीत, मेथीला खरी चव येते त्या दिवसांत, गॅलरीत रिकामे क्रेट आणि मी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींसमोर उभी. "काय हो, शेत संपलं का तुमचं?" त्यांनी हसत विचारलं.

त्या हिवाळ्यात मला कळलं की पालेभाजी उगवणं फार अवघड नाही, ती दर आठवड्याला थोडी थोडी हाताशी येणं अवघड आहे. म्हणून आधी पेरणीचं गणित सांगते. माती-खत त्यानंतर.

आधी गणित

मेथी पेरल्यापासून काढेपर्यंत पुण्यात साधारण तीस दिवस घेते. तीन क्रेट घ्या. पहिला आज पेरा, दुसरा दहा दिवसांनी, तिसरा आणखी दहा दिवसांनी. तिसाव्या दिवशी पहिला रिकामा झाला की माती उकरून, मूठभर खत घालून दोन दिवसांत त्यात पुन्हा पेरा. दर दहा दिवसांनी एक क्रेट मिळत राहतो. माझा क्रेट पावणेदोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद आहे. त्यातून निघते ती बाजारातल्या एका बऱ्यापैकी जुडीएवढी मेथी, म्हणजे चौघांची एक वेळची भाजी.

कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, पण ती एकदम लागत नाही, चिमूट चिमूट लागते. म्हणून अर्धा क्रेट पेरायचा आणि तीन आठवड्यांनी उरलेला अर्धा. पालक, चुका आणि चाकवत वेगळ्या जातकुळीचे. एकदा पेरले की खुडत राहायचं, पुन्हा पुन्हा फुटतात. त्यांना पाळ्या लावायची गरज नाही.

हे सगळं सहा क्रेटमध्ये बसतं. तीन मेथीचे (मधल्या एखाद्या पाळीला त्यात शेपू), एक पालकाचा, एक चुका-चाकवताचा, एक कोथिंबिरीचा. जागा तेवढी नसेल तर मेथीचे दोन करा आणि चुका सोडा. पालक मात्र सोडू नका. जागेच्या मानानं सगळ्यांत जास्त परतावा त्याचाच.

पेरणीच्या तारखा मी कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या शेजारी लिहिते. लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

सुरुवात ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आधी करू नका. ऑक्टोबर हीटमध्ये कोथिंबीर रडत उगवते आणि लवकर फुलावर जाते. शेवटची मेथी जानेवारीअखेर पेरली तरी चालते. त्यानंतरची कडवट आणि निबर होते.

ऊन कुठे पडतं ते बघा

आमची गॅलरी दक्षिणेला आहे. फ्लॅट घेताना सगळ्यांनी नाकं मुरडली होती. पण हिवाळ्यात हीच गॅलरी सोन्याची. दक्षिणायनात सूर्य दक्षिणेकडे कलतो. २२ डिसेंबरच्या आसपास पुण्यात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन तिरपं येतं आणि गॅलरीत थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि जूनमध्ये तर दुपारी किंचित उत्तरेला, तेव्हा त्या गॅलरीत भर दुपारी सावली असते. म्हणजे उन्हाळ्यात जिथे ऊन बघितलं, तिथेच हिवाळ्यात क्रेट मांडले तर फसगत होते.

पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं तीन-चार तास ऊन मिळतं. पालेभाजीला तेवढं पुरतं, फक्त चार-सहा दिवस जास्त लागतात. पश्चिमेलाही चालतं. उत्तरेच्या गॅलरीत मात्र हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. तिथे पुदिना आणि कांद्याची पात लावा आणि समाधान माना. मेथी लावलीत तर ती उन्हाच्या शोधात लांबते आणि आडवी पडते.

आणखी एक छोटी गोष्ट. गॅलरीचा कठडा भरीव असेल तर जमिनीवर ठेवलेला क्रेट दिवसभर त्याच्याच सावलीत राहतो. विटा रचून किंवा जुन्या स्टुलावर ठेवून तो कठड्याच्या उंचीला आणा. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवारानं ऊन हेच शेतीचं मूळ भांडवल मानून थोड्या जागेतल्या शेतीचे हिशेब मांडले. गॅलरीत ते फार लवकर पटतं, कारण इथे खत विकत मिळतं, ऊन मिळत नाही. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला ऊन कुठपर्यंत आहे तिथे खडूची रेघ मारा, मगच क्रेटची जागा ठरवा.

क्रेट आणि माती

फळबाजारात वापरलेले प्लास्टिकचे क्रेट स्वस्तात मिळतात. ते जाळीदार असतात, म्हणून आतून खताची रिकामी गोणी किंवा जुनं शेडनेट लावायचं. मासळीबाजारातला थर्माकोलचा खोका हलका असतो आणि मुळांना गारठा कमी लागू देतो. तो आणून धुवून चार दिवस उन्हात ठेवायचा आणि बुडाला तापलेल्या खिळ्यानं सात-आठ भोकं पाडायची, तीही उघड्यावर, कारण धूर वाईट. आंब्याची लाकडी पेटी एक हंगाम टिकते. पसरट कुंडी, फुटकं घमेलं, जे असेल ते चालतं. पालेभाजीची मुळं उथळ असतात. सहा-सात इंच माती पुरते, दीड फूट खोल कुंडी भरणं म्हणजे मातीची उधळपट्टी.

क्रेट फूटभर खोल असतो, म्हणून तळाला चार इंच वाळका पालापाचोळा किंवा रसवंतीवरचं उसाचं चिपाड दाबून भरते. हंगामाअखेरीस त्याचं खत होतं आणि वजनही आवरतं. ओली माती भरलेला क्रेट तीस-पस्तीस किलोंच्या घरात सहज जातो. सहा क्रेट एकाच कोपऱ्यात रचू नका, भिंतीच्या कडेनं ओळीत मांडा.

मातीचं प्रमाण: दोन भाग माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि क्रेटमागे मूठभर निंबोळी पेंड. पोयट्याची माती मिळाली तर उत्तम. निव्वळ काळी माती नको. ओली असताना ती लगद्यासारखी चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडून नाजूक मुळं तुटतात. काळीच असेल तर कोकोपीट वाढवा आणि थोडी जाड वाळू घाला. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पाणी पिळून टाका, तिच्यात क्षार असतात. ताजं शेण चुकूनही नको, ते मातीत कुजताना रोपांना पोळवतं. शेणखत कुजलं आहे की नाही ते हातात घेऊन कळतं. चांगलं खत भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसासारखा वास येतो. शेणाचा वास आला तर अजून महिनाभर थांबा.

गेल्या वर्षीचीच माती वापरणार असाल तर पावसाळ्यात ती दबून घट्ट झालेली असते. ऑक्टोबर हीटचा उपयोग करून घ्या. जुन्या चादरीवर माती पसरून आठवडाभर कडक उन्हात तापवा, ढेकळं फोडा, जुनी मुळं वेचा, मग निम्म्या प्रमाणात नवं खत मिसळा. गणपतीतल्या निर्माल्याचं खत घरी करत असाल तर ते दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या पेरणीला, बरोबर तयार होतं.

क्रेटखाली विटा आणि विटांखाली ट्रे ठेवा. मी पहिल्या वर्षी ट्रे ठेवला नव्हता. तांबूस पाण्याचा एक ओघळ कठड्यावरून खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर गेला. वाटलेल्या जुड्यांपैकी दोन त्यांच्याकडे गेल्या त्या उगाच नाही.

बी आणि पेरणी

सगळ्यांना एकच पद्धत लावू नका. प्रत्येकीची नखरेबाजी वेगळी.

मेथीचं बी स्वयंपाकघरातल्या डब्यातलंच चालतं, फक्त फार जुनं नको. एका क्रेटला दोन चहाचे चमचे पुरतात. रात्री भिजत घाला. सकाळी पाणी पिवळट, बुळबुळीत झालेलं असतं, ते कुंडीतच ओता. माती सपाट करून दाणे दोन-दोन सेंटिमीटरवर पडतील असे भुरभुरवा, वर नखभर जाडीचा मातीचा थर द्या, तळहातानं हलकं दाबा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचलली जाते आणि खालून वाकलेल्या मानेची रोपं वर येतात. कसुरी मेथी ही वेगळी वनस्पती आहे. तिची पानं बारीक, फुलं पिवळी, वाढ सावकाश. तिचं बी वेगळं आणावं लागतं आणि पाळ्यांच्या या वेळापत्रकात ती बसत नाही.

कोथिंबिरीचं न उगवणं ही घरोघरची तक्रार. आपण ज्याला धना म्हणतो ते खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून धने फडक्यात गुंडाळून वरून लाटणं हलकेच फिरवायचं. दोन फाका व्हायला हव्यात, भरड नको. मग बारा तास भिजवा, पाणी काढा, ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा आणि पेरा. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी बोटानं उकरून बघायचा मोह होतो, पण आवरा. किराण्यातले धने जुने असू शकतात, तेव्हा आधी वीस फाका ओल्या फडक्यात ठेवून किती मोडतात ते बघा. दहाच्या वर मोडल्या तर पेरा, नाहीतर बियाण्याच्या दुकानातून आणा.

पालकाचं बी खडबडीत, काटेरी गोळ्यासारखं दिसतं. आपला पालक बीटाचा सख्खा भाऊ, आणि बीटासारखंच त्याच्या एका गोळ्यात दोन-तीन बिया असतात. म्हणून एका जागी दोन-तीन रोपं येतात. 'ऑल ग्रीन' हा वाण सगळीकडे मिळतो आणि कुंडीत चांगला चालतो. रात्रभर भिजवून, चार-चार बोटांवर ओळी काढून, दोन-दोन इंचांवर एकेक गोळा अर्धा इंच खोल टाका. रोपं बोटभर झाली की प्रत्येक जागी एकच जोमदार ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीनं कापा, म्हणजे शेजारणीची मुळं हलत नाहीत. ती कोवळी पानं वरणात टाका.

शेपूला एक चमचा बी, पातळ फेक, अगदी वरवर माती. मला स्वतःला शेपू आवडत नाही, पण घरात आवडणारे आहेत, म्हणून पेरते.

चाकवताचं बी खसखशीसारखं बारीक. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पसरा, वर माती नुसती चाळणीनं शिंपडा, आणि झारीऐवजी फवाऱ्यानं पाणी द्या, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. गव्हाच्या शेतात हाच चाकवत तण म्हणून उगवतो. गावाकडून कोणी येत असेल तर दोन पिकलेली झाडं मागवा, पुढच्या पाच वर्षांची सोय होते. चुक्याची पेरणी अशीच, फक्त तो पहिल्या खुडणीला दीड महिना घेतो. चाकवत-चुक्याची ताकातली पातळ भाजी ज्यांना माहीत आहे त्यांना एवढी वाट बघणं महाग वाटत नाही. चुका आंबट असतो, तो ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या भांड्यात शिजवू नका.

बियाण्याच्या पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्यावर औषध चोळलेलं असतं. ते पेरायला चालतं, पण पेरल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका.

पेरणी झाली की वर ओलं गोणपाट अंथरते. ओल टिकते आणि चिमण्यांपासून बी वाचतं. पण रोज सकाळी एक कोपरा उचलून बघायचं आणि पहिलं हिरवं टोक दिसलं की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. एकदा मी लग्नाला म्हणून दोन दिवस गावी गेले आणि परत आले तेव्हा गोणपाटाखाली शेवयांसारखी पांढरी-पिवळी मेथी वेटोळी होऊन पडली होती. तो क्रेट पुन्हा पेरावा लागला.

अगदीच नवखे असाल आणि धीर नसेल तर समुद्रमेथीनं सुरुवात करा. मुंबईच्या बाजारात बोटभर उंचीच्या मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, ती वाळूत वाढवलेली असते. ट्रेमध्ये तीन इंच माती आणि वाळू निम्मी-निम्मी, त्यावर भिजवलेली मेथी दाट पसरा, वर वाळूचा थर. आठ-दहा दिवसांत मुळासकट उपटायची. धुताना मात्र चार पाणी काढा, नाहीतर दाताखाली किनारा येतो. हल्ली ज्याला मायक्रोग्रीन म्हणून महागात विकतात, ते आपल्याकडे किती तरी आधीपासून लसणाच्या फोडणीत पडत आलं आहे. यासाठी औषध न लावलेलं, घरातलंच बी वापरा.

पुणं, नाशिक, कोकण: थंडी सगळीकडे सारखी नाही

वर दिले ते दिवस पुण्याच्या हवेचे. मुंबईत आणि कोकणपट्टीत रात्री फारशा गार होत नाहीत, तिथे मेथी बावीस-पंचवीस दिवसांतच हाताशी येते, म्हणून पाळीचं अंतरही आठ दिवसांचं ठेवा. कोथिंबीर तिथे डिसेंबरनंतरच मनापासून वाढते. उलट लाल माठ तिथे हिवाळाभर होतो. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यांमध्ये कोकणात आणि गोव्यात माठाचे तांबडे वाफे दिसतात, गोव्यातली तांबडी भाजी ती हीच. पुण्यात मी डिसेंबरात माठ पेरून बघितला. पंधरा दिवस जमिनीला चिकटून बसला आणि नंतर लाजेखातर चार पानं दिली. माठ आणि तांदुळजा यांना ऊब लागते, घाटावर त्यांना फेब्रुवारीच्या अखेरीस पेरा.

नाशिककडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तिथे गॅलरीतल्या रोपांवर रात्री चार काड्यांवर जुनी सुती चादर तंबूसारखी टाका, पानांना चिकटू देऊ नका, सकाळी ऊन आलं की काढा. कडाक्याच्या थंडीत बी उगवायलाच दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यावर येणारी पेरणी आठवडाभर आधी उरका.

पाणी

हिवाळ्यात पालेभाजी तहानेनं कमी मरते आणि पाण्यानं जास्त. सकाळी पाणी द्या, संध्याकाळी नको. पानं रात्रभर ओली राहिली की केवडा हा बुरशीचा रोग येतो, आणि दाट पेरलेली रोपं बुडाशी सडून कोलमडतात. एका सकाळी टाळूवर चाई पडावी तसा वाफ्यात गोल रिकामा ठिपका दिसला तर समजा तेच. त्या भागातली रोपं भोवतालच्या मातीसकट काढून टाका, पाणी दोन दिवस थांबवा, दाटी विरळ करा.

पाणी हवं की नको ते बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघायचं. आत ओल लागली तर झारी खाली ठेवा. माझ्याकडे डिसेंबरात एक दिवसाआड पाणी लागतं, फेब्रुवारीत रोज. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी चालतं, मीठ घातलेलं कोणतंही पाणी नको.

खुडायचं कसं

सकाळी, ऊन चढण्याआधी, पानं ताठ असतात तेव्हा खुडा.

पालकाची बाहेरची मोठी पानं देठासकट घ्या आणि मधला कोवळा कोंब राखा. सगळं एकदम कापायचं असेल तर जमिनीपासून दोन बोटं वर कापा. त्या दोन बोटांतच पुढची सगळी पानं असतात. बुडाला लागून कापलं की संपलं. पहिली खुडणी तीस-पस्तीस दिवसांनी, पुढची दर पंधरा-वीस दिवसांनी. नीट जपला तर पालक चार वेळा सहज देतो. प्रत्येक खुडणीनंतर क्रेटमध्ये दोन मुठी गांडूळखत पसरून वरवर उकरा. सारखी पानं काढून घेतो तर काहीतरी परत द्यायला हवं.

मेथी बाजारासाठी उपटतात, घरी उपटायची सक्ती नाही. खालचे दोन-तीन फुटवे ठेवून वरून कापली तर पंधरा दिवसांनी दुसरी कापणी मिळते, थोडी कमी आणि थोडी कडू. मी डिसेंबरात उपटते आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कापते, कारण भोगीला थोडी मेथी जास्तीची हाताशी असलेली बरी. उपटलीत तर मुळं नीट बघा. बारीक, मोहरीएवढ्या गुलाबीसर गाठी दिसतील. मेथी द्विदल आहे आणि त्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. त्यामुळे मेथीनंतर त्या क्रेटमध्ये शेपू किंवा पालक पेरला तर जोमात येतो. सलग तिसऱ्यांदा मेथीच पेरलीत तर मुळं कुजायला लागतात, म्हणूनच मधल्या पाळीला मी शेपू घालते.

शेपू कापल्यावर थोडा फुटतो, फार अपेक्षा नको. कोथिंबिरीच्या बाहेरच्या काड्या रोजच्या रोज काढा, मधली राहू द्या.

खताच्या बाबतीत नैसर्गिक शेतीचे प्रचारक, अमरावतीचे सुभाष पाळेकर यांचं जीवामृत शेतकऱ्यांमध्ये चांगलंच रुजलं आहे. त्यांचं २०० लिटरचं प्रमाण १० लिटरवर आणलं तर अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती. सावलीत दोन दिवस ठेवायचं, रोज दोनदा ढवळायचं आणि दहा पट पाण्यातून द्यायचं. मी एकदा केलं. रोपांना मानवलं, पण बंद इमारतीत दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत वास गेला. गच्ची असेल तर करा, गॅलरीत गांडूळखत बरं.

मावा, नागअळी आणि पाखरं

सगळ्यांत जास्त नुकसान माझ्याकडे पाखरांनी केलं आहे. चिमण्या नव्यानं पेरलेल्या भुसभुशीत मातीत धुळीची अंघोळ करतात आणि मातीत वाटीएवढे खड्डे पडतात. कबुतरं तर कोवळा पालक देठापर्यंत खातात. चमकणाऱ्या सीड्या टांगणं वगैरे उपाय चार दिवस चालतात, पाचव्या दिवशी कबुतर सीडीवर बसतं. मासेमारीची जुनी बारीक जाळी चार काड्यांवर ताणून बसवणं हा एकच उपाय टिकला.

चाकवताचं बारीक बी मुंग्या ओढून नेतात. क्रेटच्या विटा पाण्यानं भरलेल्या ट्रेमध्ये ठेवल्या की वाट बंद. ते पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, जानेवारीत ढगाळ हवा आली की हमखास येतो. पानाची मागची बाजू बघायची सवय लावा. सुरुवातीला नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं निघतो. वाढला तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि काही थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. पाणी सकाळीच द्या म्हणाले होते, हा त्याला अपवाद, कारण उन्हात तेल पानं भाजतं. पाच-सहा दिवस ती भाजी खुडू नका. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले भुंगेरे दिसले तर मात्र फवारू नका, ते आणि त्यांच्या अळ्या मावाच खातात. पालकाच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी, दोन पापुद्र्यांच्या मध्ये बसून खाते, वरून मारलेलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही. पान तोडून पिशवीत बंद करून टाका.

फेब्रुवारीत

उन्हाची धार वाढली की कोथिंबिरीचं पान बारीक होत जातं आणि मधून दांडा वर येतो. थांबवायचा प्रयत्न करू नका, थांबत नाही. अर्धा क्रेट कापून घ्या आणि चार-पाच जोमदार झाडं राहू द्या. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. धने हिरवे असतानाच थोडे चटणीला काढा, तो वास वाळल्या धन्यांना नसतो. बाकीचे तपकिरी झाले की दांड्यासकट कापून, कागदी पिशवीत उलटे टांगून आठवडाभर वाळवा. मेथीच्याही दोन-तीन झाडांना शेंगा धरू द्या, लांब आणि किंचित वाकड्या असतात, पिवळ्या पडल्या की काढायच्या. चाकवताचं एक झाड कमरेएवढं वाढू द्या आणि बी गळायला लागण्याआधी झटकून घ्या. उशीर झाला तर पुढच्या ऑक्टोबरात तो गॅलरीतल्या प्रत्येक कुंडीत, अगदी गुलाबाच्या बुडाशीही, आपणहून उगवतो. बी पूर्ण वाळवून काचेच्या बरणीत घाला आणि बरणीवर वर्ष लिहा.

रिकाम्या झालेल्या मेथीच्या क्रेटमध्ये आता लाल माठ पेरा. थंडीत रुसलेला माठ आता चौथ्या दिवशी उगवतो, आणि दर दहा दिवसांनी एक क्रेट हे गणित त्यालाही तसंच्या तसं लागू पडतं.